कागदावरची आठवण : नाना फडणीस आणि त्यांचे दफ्तर

वाईजवळ कृष्णेच्या काठी मेणवली नावाचे छोटे गाव आहे. तिथला दगडी घाट, मेणेश्वराचे देऊळ आणि मोठी घंटा आता चित्रपटांमुळे देशभर माहीत झाली आहे. घाटाला लागूनच एक जुना वाडा उभा आहे. पर्यटक त्याच्या भिंतींवरची चित्रे आणि लाकडी खांब पाहून परत जातात. पण या वाड्याची खरी श्रीमंती भिंतींवर नव्हती. ती रुमालांत होती. रुमाल म्हणजे कागदांचे गठ्ठे बांधून ठेवायचे चौकोनी कापड. अशा कापडांत अठराव्या शतकातल्या राज्यकारभाराची पत्रे शंभर वर्षांहून अधिक काळ इथे पडून होती.

हा वाडा बाळाजी जनार्दन भानू यांचा. महाराष्ट्र त्यांना नाना फडणीस म्हणून ओळखतो. त्यांचे कारस्थानी डोके, इंग्रजांना दिलेली टक्कर आणि हेरांचे जाळे यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आज माहिती टिकवायची कशी हा प्रश्न दवाखान्यापासून सरकारी कचेरीपर्यंत सगळ्यांना सतावतो आहे. हार्डडिस्क बंद पडते, पेनड्राइव्ह उघडत नाही, जुनी सीडी कोणी वाचून देत नाही. डिजिटल माहिती पुन्हा कागदावरच छापून ठेवता येईल का, यावर संगणकतज्ज्ञ गंभीरपणे काम करत आहेत. या प्रश्नाकडे पाहताना नानांचे आयुष्य वेगळेच दिसू लागते. शरीराने किरकोळ आणि तलवारीच्या जोरावर कधीच मोठा न झालेला हा माणूस पाव शतक राज्य सांभाळू शकला, त्यामागे कागद होता.

चौदाव्या वर्षी फडणिशी

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यात झाला. भानू घराणे मूळचे कोकणातले, वेळासचे. आजोबा बाळाजी महादजी हे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्याबरोबर दिल्लीला गेले होते आणि १७१९ मध्ये तिथेच मारले गेले. त्या उपकाराची आठवण ठेवून पेशव्यांनी फडणिशी या घराण्याकडे दिली. १७५६ मध्ये वडील जनार्दनपंत वारले आणि चौदा वर्षांच्या नानांकडे हे काम आले.

फडणीस म्हणजे हिशेबाचा आणि नोंदीचा माणूस. फडात रोज जे हुकूम सुटत, ज्या सनदा दिल्या जात, जो पैसा येई आणि जाई, त्या सगळ्याची नोंद रोजकीर्दीत व्हायची. या मुलाचे शिक्षण असे रोजच्या नोंदींतून झाले. आज डॉक्टरकीचा विद्यार्थी वॉर्डात पहिल्या दिवसापासून शिकतो की जे लिहिले नाही ते केलेच नाही असे समजायचे. नानाही वेगळ्या रीतीने हेच शिकत होते.

पानिपतावरून परतलेला मुलगा

१७६० मध्ये नाना भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर उत्तरेला गेले. बरोबर आई आणि पत्नी होत्या. उत्तरेची तीर्थे घडतील ही आशा होती. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सगळेच संपले. एकोणिसावे वर्षही पुरे न झालेले नाना रणातून जीव वाचवून, अंगावरच्या कपड्यांचीही खात्री नसलेल्या अवस्थेत, पायी निघाले. पत्नी पुढे सुखरूप सापडली. आई परतली नाही.

या अनुभवानंतर त्यांनी आपल्या आयुष्याचा तोवरचा वृत्तांत लिहून काढला. मराठीतल्या सुरुवातीच्या आत्मवृत्तांत त्याची गणना होते. त्यात बढाई नाही. स्वतःची भीती, मोह आणि चुकाही त्यांनी लिहिल्या आहेत. मोठ्या आघातातून गेलेल्या माणसाने अनुभव क्रमाने लिहून काढला तर मनातला गोंधळ थोडा सुसूत्र होतो, असे आजचे मानसशास्त्रही मानते. नानांनी ते कशासाठी केले हे सोडून देऊ. त्यांचा कागदावरचा विश्वास मात्र इथपासून दिसतो.

राज्याची एकबेरीज

माधवराव पेशव्यांच्या काळात नाना पुण्यात राहून कारभार पाहू लागले. १७७२ मध्ये माधवराव क्षयाने गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला. रघुनाथरावांना दूर सारून नारायणरावांच्या गरोदर पत्नीच्या नावाने कारभार चालवायचा बेत सखारामबापू, हरिपंत फडके, नाना आणि इतरांनी आखला. तेच बारभाईंचे कारस्थान. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. पेशवा पाळण्यात, इंग्रज रघुनाथरावांच्या पाठीशी, सरदार आपापल्या मुलखात. अशा वेळी राज्य एकत्र ठेवायचे तर कोणाचे किती देणे, कोणाचा कोणता सरंजाम, कोणत्या परगण्याची किती वसुली, कोणी कोणते वचन दिले हे क्षणात हाताशी असावे लागे.

हे काम पुण्याच्या दफ्तराचे होते. सुमारे दोनशे कारकून तिथे खपत. रोजचे काम चालते दफ्तर पाही. त्याखेरीज एकबेरीज दफ्तर नावाचा वेगळा विभाग होता. सगळ्या खात्यांचे हिशेब अखेर तिथे येत. त्यांची वर्गवारी होई, गोषवारे आणि तर्जुमे तयार होत, खतावण्या लागत. एखाद्या गावाचा वीस वर्षांपूर्वीचा आकार काढायचा झाला तर हजारो कागद चाळावे लागत नसत. खतावणीवरून तर्जुमा, तर्जुम्यावरून रोजकीर्द आणि रोजकीर्दीवरून मूळ कागद, अशी वाट आखलेली होती. नानांनी या पद्धतीत बऱ्याच सुधारणा केल्या, अशी नोंद पुढे दफ्तर ताब्यात घेणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनीच केली आहे.

संगणकाच्या भाषेत याला सूची किंवा इंडेक्स म्हणतात. माहितीचा साठा कितीही मोठा असला तरी सूची नसेल तर तो रद्दीच. वैद्यकाच्या इतिहासातही याचे एक ठळक उदाहरण आहे. जॉन शॉ बिलिंग्ज हे अमेरिकी सैन्यातले शल्यवैद्य. १८७९ मध्ये त्यांनी जगभरच्या वैद्यकीय लेखांची सूची सुरू केली. जनगणनेची माहिती कार्डांवर भोके पाडून नोंदवावी आणि यंत्राने मोजावी ही कल्पना हर्मन हॉलरिथ या तरुण अभियंत्याला बिलिंग्ज यांनीच सुचवली. १८९० ची अमेरिकेची जनगणना अशा कार्डांवर मोजली गेली. पुढे कित्येक दशके संगणकाची माहिती पुठ्ठ्याच्या भोकांतच राहत होती. म्हणजे कागदावर डिजिटल माहिती ही नवी कल्पना नाही. संगणकाची सुरुवातच तिथून झाली.

कागद का टिकला

नानांच्या काळचा कागद हाताने केलेला असे. जुन्नर, दौलताबाद, अहमदाबाद इथला कागद नावाजलेला होता. चिंध्या आणि तागासारखे धागे कुटून त्याचा लगदा होई. या धाग्यांत सेल्युलोज नावाच्या पदार्थाच्या लांबच लांब साखळ्या असतात आणि कागदाची ताकद त्या साखळ्यांच्या लांबीवर ठरते. वर खळ लावून, दगडाने घोटून पृष्ठभाग गुळगुळीत करत. शाई दिव्याच्या काजळीची आणि डिंकाची. काजळी म्हणजे शुद्ध कार्बन. तो हवेने गंजत नाही, उजेडाने फिका पडत नाही. म्हणून अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी अक्षर आजही काल लिहिल्यासारखे काळेभोर दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी घालत. तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होते आणि ते सेल्युलोजच्या साखळ्या तोडत राहते. हाडे ठिसूळ होण्यासारखाच हा प्रकार आहे. बाहेरून काही दिसत नाही, आतून बळ जात असते. त्यामुळे आजीच्या पेटीतले १९३० सालचे वर्तमानपत्र हातात घेताच तुकडे होते आणि १७८० चे पत्र मात्र घडी उलगडून वाचता येते. आज मिळणाऱ्या चांगल्या छपाईच्या कागदात आम्ल नसते, उलट थोडा चुना असतो. तो थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवला तर शंभर वर्षे सहज टिकावा.

जुन्या कागदालाही शत्रू होतेच. खळीवर कसर आणि वाळवी येते. पाण्याने डिंकाची शाई सुटते. दमट हवेत बुरशी वाढते. कापडी रुमालात घट्ट बांधून ठेवण्याने उजेड, धूळ आणि हवेतला चढउतार थोडा रोखला जाई.

लेखनसीमा

कागद टिकला तरी त्यावरचा मजकूर खरा कशावरून, हा प्रश्न उरतोच. मराठी दफ्तराने यासाठी काही युक्त्या बसवल्या होत्या. पत्राच्या शेवटी लेखनसीमेचा शिक्का उमटवला जाई. मजकूर इथे संपला, पुढे कोणी ओळ घुसडली तर ती खोटी, असा त्याचा अर्थ. वर्ष आकड्याऐवजी अरबी शब्दांत लिहीत. सलास सबैन मया व अलफ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार मिळून अकराशे त्र्याहत्तर. हे शुहूर सन १७७२-७३ च्या सुमाराचे. आकड्यात एक रेघ ओढून फरक करता येतो, चार शब्दांत तो लपत नाही.

इनाम दिले तर एकच सनद होत नसे. इनामदाराला एक, अंमलदाराला एक, देशमुख-देशपांड्यांना एक, गावच्या मोकदमाला एक, अशी वेगवेगळी पत्रे जात आणि दफ्तरात नोंद राही. एक कागद जळाला तरी बाकीच्यांवरून तो उभा करता येई. एकाने खाडाखोड केली तर बाकीचे कागद त्याला खोटे पाडत.

१९९४ मध्ये जपानमध्ये मोटारींचे सुटे भाग मोजण्यासाठी क्यूआर कोड तयार झाला. त्यातही याच कल्पना आहेत. तीन कोपऱ्यांतले चौकोन यंत्राला कोड कुठून कुठवर आहे ते सांगतात. मजकुराबरोबर काही जादा आकडे साठवलेले असतात. त्यांच्या आधारे कोडचा काही भाग फाटला किंवा डागाळला तरी उरलेल्या भागावरून गणिताने मूळ मजकूर परत मिळतो. सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे तीस टक्क्यांपर्यंतची हानी भरून निघते. कोविडच्या लसीच्या प्रमाणपत्रावरचा चौकोन हा कागदावर साठवलेली डिजिटल माहितीच होता. त्यात सरकारची डिजिटल सही असल्याने नाव बदलले की प्रमाणपत्र खोटे ठरे. म्हणजे तोही एक शिक्काच.

मेणवली आणि मिरज

१७७९ चे वडगाव, १७८२ चा सालबाईचा तह आणि १७९५ ची खर्ड्याची लढाई या सगळ्या काळात नानांचे वकील दरबारादरबारांतून पत्रे पाठवत होते. नानांचा फार मोठा पत्रव्यवहार पटवर्धन सरदारांशी चाले. मिरज, सांगली, तासगाव हा पटवर्धनांचा मुलूख. तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन नानांचे दीर्घकाळचे आधार होते. त्यामुळे एकाच व्यवहाराचे एक टोक मेणवलीत, आजच्या सातारा जिल्ह्यात राहिले आणि दुसरे टोक मिरजेच्या वाड्यात, आजच्या सांगली जिल्ह्यात राहिले. हे कोणी ठरवून केले नव्हते. पण माहिती दोन लांबच्या ठिकाणी असण्याचा फायदा पुढच्या पिढ्यांना झाला.

कागदावर प्रती काढण्याचा आणखी एक प्रयोग नानांच्या काळात सुरू झाला. पुण्यातले इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या सहवासात एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून छापण्याची कला अवगत झाली. या पद्धतीने भगवद्गीता छापावी असा नानांचा विचार होता. ते काम त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. तो कारागीर पुढे मिरजेला गेला. तिथे गंगाधरराव गोविंद पटवर्धनांनी त्याला आश्रय दिला आणि १८०५ मध्ये ताम्रपटांवरून गीता छापून निघाली. हाताने उतरवताना प्रत्येक प्रतीत नव्या चुका शिरतात, छापताना सगळ्या प्रती सारख्या निघतात. हा फरक नानांना कळला होता.

राज्याचा स्मृतिभ्रंश

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वाड्यातल्या उंचावरून पडून गेले. एकवीस वर्षे ज्याच्या नावाने नानांनी सगळे सांभाळले तो मुलगा राहिला नाही. गादीच्या झगड्यात नानांना पुणे सोडावे लागले. ते सातारा, वाई आणि मग महाड असे फिरत राहिले. परशुरामभाऊही या काळात विरोधात गेले. १७९६ च्या अखेरीस बाजीराव दुसरा पेशवा झाला. १७९७ च्या शेवटच्या दिवशी दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी नानांना दग्याने पकडले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. १७९८ च्या मध्यावर सुटका झाली. पुन्हा कारभार हाती आला, पण पूर्वीचा अधिकार उरला नव्हता. शरीर खचले होते. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

यानंतर दफ्तराचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि इंग्रजांनी दफ्तर मोजायला घेतले. तेव्हा १७९५-९६ पर्यंतच्या नोंदी बहुतेक पूर्ण सापडल्या. त्यानंतरच्या वीस वर्षांच्या नोंदी जवळजवळ नव्हत्याच. बाजीरावाच्या काळात दफ्तराकडे कोणी पाहत नव्हते, कागद ज्याला हवे त्याने नेले होते. कागद तोच होता, शाई तीच होती, बोरू तोच होता. रोज संध्याकाळी नोंद झाली का हे विचारणारा माणूस नव्हता.

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असाच असतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नातले पाहुणे त्याला नावानिशी आठवतात, सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही. जुनी साठवण शाबूत असते, नवी साठवण होत नसते. पेशवाईला शेवटची वीस वर्षे हाच आजार जडला होता.

या विसरण्याची किंमत सामान्य घरांनी मोजली. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले. दख्खन आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या इनामदारांना आपला हक्क कागदाने सिद्ध करावा लागला. नोंद मिळाली तर जमीन राहिली, नाही मिळाली तर गेली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेते एका ओळीवर अवलंबून होती. देवळाची दिवाबत्ती, विधवेचे वर्षासन, वैद्याची इनाम जमीन, सगळ्यांचे असेच.

वाचणारे दोघे

कागद टिकूनही पुढचा धोका असतो. तो वाचणारे संपतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मोडी सरकारी व्यवहारातून मागे पडू लागली होती. अशा वेळी दोन माणसे पुढे आली. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत. १८९२ मध्ये त्यांनी नानांचे चरित्र लिहिले. मग पटवर्धनांच्या दफ्तरातली पत्रे निवडून, मोडीतून देवनागरीत उतरवून, १८९७ पासून ऐतिहासिक लेखसंग्रह या नावाने ते छापत राहिले. १९२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी हे काम सोडले नाही.

साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मेणवलीचे दफ्तर मिळवले, त्यातले कागद प्रसिद्ध केले आणि आयुष्यभर कागद, चित्रे आणि नकाशे जमवले. १९२५ मध्ये त्यांच्या संग्रहासाठी साताऱ्यात संग्रहालय झाले. पुढच्याच वर्षी ते गेले. १९३९ मध्ये हा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. मेणवलीची पत्रे आज तिथे आहेत. नानांच्या कागदांना सातारा आणि मिरज इथे वाचक मिळाले नसते, तर ते वाळवीचे खाद्य झाले असते.

हीच गोष्ट इंग्लंडमध्ये उलट्या बाजूने घडली. १०८६ च्या डोम्सडे या जमीन-नोंदीला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने देशाची नवी नोंद लेसर तबकड्यांवर केली. पंधरा वर्षांत ती तबकडी वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि माहिती परत मिळवण्यासाठी वेगळा प्रकल्प काढावा लागला. चर्मपत्रावरची १०८६ ची नोंद मात्र वाचता येत होती. तबकडी खराब झाली नव्हती, तिची मोडी जाणणारे यंत्र संपले होते.

मग सगळे कागदावर छापायचे का

नाही. साध्या लेसर प्रिंटरने दाट ठिपके छापले तर एका पानावर काहीशे किलोबाइट माहिती मावते. छापील मजकुराची शंभराहून अधिक पाने त्यात बसतील. पण डोक्याच्या एका सीटी स्कॅनची माहिती शेकडो मेगाबाइट असते, तिला हजारभर पाने लागतील. कागद मोठ्या साठ्याचे माध्यम नाही. थोडी, मोलाची आणि दीर्घकाळ लागणारी माहिती त्यावर ठेवावी. ठिपक्यांच्या कोडबरोबर तो कोड कसा उलगडायचा हे साध्या मराठीत त्याच पानावर छापलेले असावे, म्हणजे पुढच्या पिढीला नवा वासुदेवशास्त्री शोधावा लागणार नाही.

पाण्याचा धोका विसरून चालणार नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या ग्रंथालयांत शिरले आणि हजारो पुस्तके भिजली. ओल्या कागदावर एक-दोन दिवसांत बुरशी येते. म्हणून महत्त्वाचे ओले कागद उन्हात न टाकता, न उलगडता, शक्य तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि नंतर जाणकारांच्या सल्ल्याने सुकवावेत. बुरशी लागलेले जुने गठ्ठे उघडताना एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दमा असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडे द्यावे.

घरचे दफ्तर फार मोठे नसते. प्रत्येक माणसामागे एक पान पुरेसे आहे. रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी, झालेली ऑपरेशने, चालू गोळ्या आणि त्यांची मात्रा, लसींच्या तारखा. वर तारीख, खाली सही. थर्मल कागदावरचे ईसीजी आणि पावत्या काही वर्षांत पुसट होतात, त्यांची साध्या कागदावर झेरॉक्स काढून ठेवावी. एक प्रत घरी, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे, एक मोबाइलमध्ये. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, ते पान काढून तपासावे आणि नवी नोंद करावी.

या शेवटच्या कामाला यंत्र लागत नाही, माणूस लागतो. पुण्याच्या दफ्तरात तो माणूस १७९६ पर्यंत होता.